हाल लॅबचे हाल एकट्या इवाताने संपवले? काहीही हं!

फुंकरवाला
काल एकाने इथे लांबलचक पोस्ट टाकली. सार असं: हाल लॅबोरेटरी ही जपानी व्हिडिओ गेम कंपनी म्हणजे तिचा प्रोग्रॅमर आणि पुढे अध्यक्ष झालेला इवाता, बाकी सगळे खोगीरभरती. दीड अब्ज येनच्या कर्जात गेलेली कंपनी गड्याने एकहाती वर काढली, म्हणून आपल्याकडच्या पोरांनी 'आठ तास, आठ तास' करत रडू नये. खाली टाळ्याच टाळ्या. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण मारुतीच्या शेपटासारखं वाढलं, म्हणून वेगळा धागा.

इवाता अध्यक्ष झाला १९९३ मध्ये. कंपनीचा किर्बी हा गेम निन्टेंडोच्या गेमबॉयवर आला २७ एप्रिल १९९२ ला, म्हणजे त्याच्या आधी. तो रचला हालच्याच साकुराईने, गेम बाजारात आला तेव्हा साकुराईचं वय २१. कर्ज फिटायला पुढे सहाएक वर्षं लागली, त्यात या गुलाबी गोळ्याने किती ओझं वाहिलं ते पोस्टवाल्याला दिसत नाही. शिवाय निन्टेंडोचे अध्यक्ष यामाउची यांनी हात दिला तो 'इवाताला अध्यक्ष करा' या अटीवर. पाठीशी निन्टेंडो असताना 'एकहाती' कसलं?

आणि कंपनी १९८० ची. सुरुवातीला पीसी-८००१ ला जोडायचं पीसीजी नावाचं यंत्र विकायचे. त्या संगणकाला धड चित्रं काढता यायची नाहीत, हे जोडलं की अक्षरांच्या जागी आपल्याला हवे ते आकार भरता यायचे. म्हणजे गेमच्या आधी सोल्डरिंग. त्या मंडळींचं नाव कुणाला ठाऊक आहे?

सहापाचशून्यदोन
ती मंडळी म्हणजे टोकियोत इकेबुकुरोच्या सेइबू स्टोअरमधल्या संगणक विभागाभोवतीचं टोळकं, आणि इवाता कॉलेजात असल्यापासून त्यांच्यातच होता. बाहेरून आलेला साहेब नव्हे.

'बलून फाइट' आपण सगळ्यांनी त्या '९९९९९९ इन १' कार्ट्रिजवर खेळलोय. फुगेवाला हवेत कसा अलगद थांबतो आठवा. पडद्यावर अर्धा पिक्सेल दाखवता येत नाही, पण हिशेबात धरता येतो. इवाताने जागा मोजताना अपूर्णांक सांभाळला आणि दाखवताना तेवढा सोडून दिला. आर्केडवाली आवृत्ती एसआरडी या दुसऱ्या कंपनीने केली होती. घरची त्याहून सफाईदार कशी, हे त्यांच्या नाकागोंनी इवातालाच विचारलं. तीच युक्ती पुढे सुपर मारिओ पाण्यात पोहतो तिथे गेली. हे खोगीरभरतीचं काम नाही, साहेब.

फुंकरवाला
खोगीरभरती इवाताला कोण म्हणालं? नीट वाचा की. बाकीच्यांना म्हणू नका, एवढंच सांगतोय.

नागपूरकर
'हाल' नाही, 'हॅल'. आयबीएमच्या प्रत्येक अक्षराच्या एक पाऊल पुढे म्हणून ते नाव. आणि गेलेल्या माणसाला अरेतुरे कशाला? ११ जुलै २०१५ ला गेले, वय अवघं ५५. 'इवातांनी' लिहायला किती शाई जाते?

फुंकरवाला
सचिन शतक ठोकतो तेव्हा 'सचिनजींनी ठोकलं' म्हणता का? आणि शीर्षकातला श्लेष समजावून सांगायचा म्हणजे माझेच हाल.

चिडकी_चिमणी
मला 'मदर २' या गेमबद्दल बोलायचंय, कारण त्या गोष्टीने माझं वर्ष खाल्लंय.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: प्रोजेक्ट रुतलेला, इवाता येतो, म्हणतो आहे तेच पुढे नेलं तर दोन वर्षं, नव्याने लिहिलं तर सहा महिने. आमच्या मॅनेजरने मागच्या वर्षी भर मीटिंगमध्ये हीच सांगितली. विम्याची जुनी सिस्टीम, १५ वर्षांचा कोड, 'नव्याने लिहू, सहा महिने'. टाळ्या. आज चौदावा महिना. जुनी बंद करता येत नाही, नवी सुरू होत नाही, शनिवारी दोन्हींचे बग मीच बघते. मुलगा विचारतो, आई तुला रविवार तरी असतो ना?

मॅनेजरने गोष्टीतला एक शब्द गाळला. इवाता म्हणाला होता '*मी* लिहिलं तर'. आमच्याकडे लिहिणार कोण? मी.

सहापाचशून्यदोन
ताई, दोष गोष्टीचा नाही, सांगणाऱ्याचा. इवाताने आधी साधनं बनवली, म्हणजे बाकीच्यांना त्यात खटपट करता येईल. मग खेळ उभा राहिला. तरीही बाजारात यायला ऑगस्ट १९९४ उजाडला.

भारनियमन
नव्याने लिहिणं हे व्यसन आहे. आमच्या बँकेच्या कामात तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदा जे तयार झालं ते हुबेहूब पहिल्यासारखं.

चिडकी_चिमणी
@सहापाचशून्यदोन, मग सांगा की माझ्या मॅनेजरला. शेवटचा कोड त्याने कधी लिहिला ते त्यालाही आठवत नाही.

नागपूरकर
मॅनेजर सगळेच वाईट नसतात. मीही आहे.

भारनियमन
तरीच 'इवातांनी'.

नागपूरकर
यात हसण्यासारखं काय आहे? अध्यक्ष झाल्यावर इवाता प्रत्येक माणसाशी एकेकटं बसून बोलत, वर्षातून दोनदा. मी माझ्या अकरा जणांशी तसं केलं. तिघांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला, पण बोलले तरी!

फुंकरवाला
धागा हॅलचा आहे, हिंजवडीचा नाही, याची आठवण करून देतो. पोकेमॉन गोल्डमध्ये आधीच्या गेममधला कांटो प्रदेश इवाताच्या कॉम्प्रेशनमुळे मावला, हेही त्या पोस्टमध्ये होतंच. निन्टेंडोच्या मुलाखतीत बोलणं आहे ते चित्रं दाबून बसवण्याच्या साधनाबद्दल. कांटो आपण चिकटवला.

सहापाचशून्यदोन
हे मान्य. पण मग स्मॅश ब्रदर्सही मोजा. १९९९ च्या त्या गेमचा पहिला नमुना: कल्पना, चित्रं, मॉडेल साकुराईची, प्रोग्रॅमिंग इवाताचं. तेही शनिवार-रविवारी, अध्यक्षपद सांभाळून.

चिडकी_चिमणी
शनिवार-रविवारी! बघा, आलं फिरून तिथेच. कौतुक कशाचं करता? आणि साकुराई २००३ मध्ये हॅल सोडून गेला तो प्रत्येक यशाचा पुढचा भाग काढा, या अपेक्षेला कंटाळून. त्याच्यावर कुणी पोस्ट टाकत नाही. घरी गेलेल्या माणसाची प्रेरणादायी गोष्ट होत नाही.

फुंकरवाला
हे माझ्या पोस्टमध्ये असायला हवं होतं. चरफडत मान्य करतो.

सहापाचशून्यदोन
मीही अर्धं मान्य करतो. अपूर्णांक सांभाळतो, दाखवत नाही.

नागपूरकर
ताई, ती नवी सिस्टीम शेवटी चालू झाली की कळवा.

चिडकी_चिमणी
आत्ताच फोन आला, पडली म्हणे.

भारनियमन
कुठली? जुनी?

चिडकी_चिमणी
जुनी कशाला पडतेय. निघते.