मदत हवी आहे: 'सिउदाद त्रुहियो' शिक्क्याचं साल कसं ठरवायचं?

जुन्या पाकिटांच्या गठ्ठ्यात डॉमिनिकन रिपब्लिकचं एक टपालाचं पाकीट आलंय, त्यावर टपालाचा शिक्का 'सिउदाद त्रुहियो' (म्हणजे त्रुहियो शहर). स्पेन, पेरू, होंडुरास, व्हेनेझुएलातली त्रुहियो शहरं इथे गैरलागू. हे सान्तो दोमिंगोच, हुकूमशहा राफाएल त्रुहियोच्या राजवटीत, १९३६ मध्ये, राजधानीला त्याचंच नाव दिलं (हौस बघा!). १९६१ मध्ये त्याची हत्या झाली, त्याच वर्षी जुनं नाव परत आलं.

म्हणजे पंचवीस वर्षांचा पट्टा. दिवस-महिना स्वच्छ, साल मात्र नेमकं तिकिटाच्या गडद भागावर. भिंग लावलं, फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवला. '१९'च्या पुढे काही दिसत नाही. मागे पोचशिक्का नाही, आत पत्र नाही. तिकिटांचा कॅटलॉग जवळ नाही आणि तिकीट पाकिटावरून सोडवायचं नाहीये.

तिकिटाचं चित्र, शिक्क्याची घडण की हवाई टपालाचा दर, यातल्या कशावरून काळ सर्वात जवळ आणता येईल?