फोटोअकॉस्टिक मायक्रोस्कोप: वेग वाढवल्यावर रक्तवाहिन्यांच्या कडा करवतीसारख्या येतात, मदत हवी आहे

जिवंत उंदराच्या कानातल्या रक्तवाहिन्या टिपायच्या आहेत. (हा मायक्रोस्कोप लेसर पल्समुळे रक्तात उठणारा ध्वनी टिपून चित्र बनवतो.) लेसर ५३२ नॅनोमीटरचा, सेकंदाला ४ लाख पल्स, प्रत्येकी १०० नॅनोज्यूल. ट्रान्सड्यूसर (ध्वनी टिपणारा) ५० मेगाहर्ट्झचा, कानापासून ७ मिमीवर. किरण फिरवणारा पाण्यातला मेम्स (सूक्ष्म यांत्रिक) आरसा २०० हर्ट्झने डोलतो, किरण फिरतो तो पट्टा ३ मिमी, जाता-येता दोन्ही ओळी घेतो. पट्ट्याच्या मधोमध सम-विषम ओळी ४० मायक्रॉनने चुकतात, कडेला मात्र जुळतात. साइन दुरुस्तीनंतर (आरसा मधे जलद, कडेला हळू फिरतो त्याची भरपाई) ठरावीक पिक्सेल सरकवून पाहिले, उपयोग नाही. जमवलं तरी १५ मिनिटांत बिघडतं. शिवाय एक काळा डाग वाढतोय.

प्रतिसाद १

मधे जास्त, कडेला शून्य, म्हणजे चूक वेळेची आहे. मधोमध किरणाचा वेग सेकंदाला सुमारे १.९ मीटर. दोन्ही दिशांची चूक एकमेकीत मिळवली जाते, म्हणून ४० मायक्रॉन म्हणजे साधारण १०.६ मायक्रोसेकंद, चार ए-लाइन (ए-लाइन म्हणजे एका पल्सची नोंद). त्यातली एक ध्वनीची: ७ मिमीला ४.७ मायक्रोसेकंद लागतात, तेवढ्यात पुढची पल्स सुटलेली असते आणि सिग्नल तिच्या नावावर जातो. उरलेला उशीर आरशाचा. सरकवणं साइन दुरुस्तीच्या *आधी*, कच्च्या ए-लाइनवर करा.

पुन्हा बिघडतं ते बहुधा पाणी तापल्यामुळे. आरसा अनुनादाजवळ (स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेजवळ) चालत असेल तर पाण्याची चिकटाई जराशी बदलली तरी कला (फेज, म्हणजे डोलण्याची वेळ) सरकते. तुमची सगळी चूक जेमतेम पाऊण अंशाची आहे! पाण्याचं तापमान स्थिर ठेवा आणि प्रत्येक फ्रेममध्ये सम-विषम ओळींची तुलना करून उशीर नव्याने काढा.

डागासाठी कान थोडा सरकवा. डाग जागचा हलला नाही तर आरशावर बुडबुडा आहे: पाणी उकळून, झाकून गार करून भरा. कानाबरोबर सरकला तर कानावरच्या जेलमध्ये हवा आहे; जेल सेंट्रिफ्यूजमधून काढा.

प्रतिसाद २

मधोमध दोन ए-लाइनमधलं अंतर ४.७ मायक्रॉन पडतं. ५ मायक्रॉनच्या केशवाहिन्या त्यात तुटणारच. पट्टा दीड मिमी करा. त्याऐवजी पल्स दुप्पट केल्या तर दोन पल्समध्ये ध्वनीला १.९ मिमीच मिळतात, आधीच्या पल्सचे प्रतिध्वनी चित्रात घुसतात.

आणि कृपया हे आधी करा: आरशाचा सिग्नल थांबताच शटर पडेल अशी जोडणी. कातडीवर ३० मायक्रॉनचा ठिपका धरला तर एका पल्सला १४ मिलिज्यूल प्रति चौरस सेमी, त्वचेसाठीच्या २० च्या सुरक्षा मर्यादेत. पण आरसा अडकला की ४० मिलिवॅट एकाच जागी, कान भाजतो.