मदत हवी आहे : लिनक्स मिंटवर क्यूजीआयएसची नवी आवृत्ती बसवताना जीडीएएलची अडचण

नमस्कार. पुरंदर तालुक्यातील आमच्या गावात पाणलोटाचे काम चालते आणि बंधारे, विहिरी व पाझर तलाव यांच्या नोंदी नकाशावर आणण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. संगणकावर लिनक्स मिंट 21.3 आहे. त्याच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून क्यूजीआयएस (नकाशे तयार करण्याचे सॉफ्टवेअर) 3.22 विनासायास बसले होते. परंतु सहकाऱ्याने 3.34 मध्ये केलेला प्रकल्प त्यात उघडला की तो नव्या आवृत्तीतला असल्याची सूचना येते आणि काही थरांची मांडणी बिघडते. म्हणून जुनी आवृत्ती काढून क्यूजीआयएसच्या अधिकृत रिपॉझिटरीतून (पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्यातून) दीर्घकालीन आवृत्ती बसवायला घेतली.

पहिली अडचण सुटली आहे, तरी इतर मिंट वापरणाऱ्यांसाठी ती नोंदवून ठेवतो. सोर्सेसच्या फाइलमध्ये (जिथे रिपॉझिटरींचे पत्ते असतात) मी 'व्हर्जिनिया' हे मिंटचे सांकेतिक नाव लिहिले होते, त्यामुळे अपडेट करताना रिलीज फाइल सापडत नसल्याची त्रुटी येत होती. मिंट 21.3 हे उबुंटू 22.04 वर आधारलेले असल्यामुळे तिथे 'जॅमी' हे उबुंटूचे सांकेतिक नाव लिहावे लागते.

अडकलो आहे ते पुढे. इन्स्टॉलची आज्ञा दिली की अवलंबित पॅकेजेस जुळत नसल्याचे सांगून ऍप्ट (पॅकेजेस बसवणारी प्रणाली) थांबते आणि त्या यादीत जीडीएएलचे (भौगोलिक माहितीच्या फाइली वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लायब्ररीचे) नाव येते. मध्यंतरी मी उबुंटूजीआयएसचा अनस्टेबल पीपीए, म्हणजे नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या देणारी बाहेरची रिपॉझिटरी, जोडला होता. 'ऍप्ट पॉलिसी'ने पाहिले, तर जीडीएएल 3.8 त्या पीपीएतून आलेले दिसते, आणि जॅमीचे स्वतःचे 3.4 आहे. गोंधळाचे मूळ हेच असावे.

यावर दोन मार्ग दिसतात : पीपीए-पर्ज (पीपीए काढून त्यातील पॅकेजेस मूळ आवृत्तीवर नेणारे साधन) वापरून जुन्या जीडीएएलवर परतणे, किंवा पीपीए तसाच ठेवून क्यूजीआयएसची उबुंटूजीआयएससाठी असलेली वेगळी रिपॉझिटरी जोडणे. पहिला मार्ग मला अधिक स्वच्छ वाटतो, पण याच संगणकावर पोस्टजीआयएस (नकाशांची माहिती साठवणारा डेटाबेस) आहे, त्यात गावातील सर्व विहिरींच्या उन्हाळी पाणीपातळीच्या नोंदी आहेत आणि तेही जीडीएएलवर अवलंबून आहे. पीजी-डंप या आज्ञेने डेटाबेसचा बॅकअप घेतला आहे, तरीही पर्ज करताना पोस्टजीआयएसचे पॅकेज निघून गेले, तर ते पुन्हा बसवल्यावर जुना डेटाबेस जसाच्या तसा चालेल का, की डंपमधूनच परत भरावा लागेल?

क्यूजीआयएसची फ्लॅटपॅकची (सर्व लायब्ररींसह वेगळी बसणारी) आवृत्ती वापरून पाहिली आहे. ती उत्तम चालते, परंतु आम्ही लिहिलेल्या प्लगइनला लागणारी पायथनची लायब्ररी तिच्या बंदिस्त वातावरणात सापडत नाही, त्यामुळे तो पर्याय कृपया सुचवू नये. हा बदल ज्यांनी पोस्टजीआयएस चालू असलेल्या संगणकावर प्रत्यक्ष केला आहे, त्यांनी आज्ञांचा क्रम सांगितल्यास मी आभारी राहीन. ऍप्टचा पूर्ण संदेश लागल्यास लगेच देतो.