कॉकपिटमध्ये तोंडाला कुलूप लावलं की विमानं पडायची थांबतील?

उजवी_सीट
'सरळवाट' यांनी परवा लिहिलं की वैमानिक गप्पा छाटत बसतात म्हणून विमानं पडतात. कॉकपिटमध्ये कॅमेरे बसवा, कामाबाहेरचा शब्द निघाला की लायसन्स रद्द करा. खाली टाळ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त बोलायचं नाही हा नियम अमेरिकेत १९८१ साली आला. तो का आला हे मला कुणी शिकवू नये, अकरा वर्षं उजव्या सीटवर, म्हणजे कोपायलट म्हणून, काढलीत. माझं भांडण नियमाशी नाहीच. 'बोलले म्हणून पडले' या सोप्या हिशेबाशी आहे.

३१ ऑगस्ट १९८८, डॅलस, डेल्टा एअरलाइन्सची फ्लाइट ११४१. टॅक्सी करताना कॉकपिटमधल्या तिघांच्या एअर होस्टेसशी गप्पा रंगलेल्या. त्यात आपलं बोलणं रेकॉर्ड होतं हाही विषय होता, दैव बघा. पण चेकलिस्ट त्यांनी वाचली होती! फ्लॅप्सचं, म्हणजे उड्डाणाआधी बाहेर काढायच्या पंखांच्या पट्ट्यांचं, विचारलं गेलं, पाठ असलेलं उत्तर ठोकून दिलं गेलं, फ्लॅप्स मात्र आतच. धोक्याचा भोंगाही वाजला नाही. १४ माणसं गेली. तोंडाने उत्तर दिलं आणि डोळ्यांनी पाहिलं नाही, याला मी बेशिस्त म्हणतो. मौनव्रत घेऊनही ती करता येते.

सरळवाट
आमच्या नावाने धागा निघाला, धन्य झालो.

११ सप्टेंबर १९७४, शार्लट. ईस्टर्नचं डीसी-९, खाली धुकं, उतरायची वेळ, आणि साहेबांची चर्चा कशावर? राजकारण आणि जुन्या गाड्या. उंचीचा इशारा वाजला, त्याकडेही लक्ष नाही. धावपट्टीच्या पाचेक किलोमीटर अलीकडे विमान जमिनीवर. ८२ पैकी ७२ मेले. तुमचा तो १९८१चा नियम अशा अपघातांमुळेच आला. डॅलसलासुद्धा गप्पा नसत्या तर डोळे लिव्हरवर गेले नसते का? वैमानिकांची बाजू वैमानिक घेणार, त्यात नवल नाही.

शंकेखोर
सरळवाट, एक गंमत सांगतो. १५ जानेवारी २००९, न्यूयॉर्क. उड्डाण झाल्या झाल्या कॅप्टन सलनबर्गर म्हणाले की आज हडसन काय सुंदर दिसतेय. दहा हजार फुटांच्या कितीतरी खाली. पुढे पक्षी आदळले, दोन्ही इंजिनं गेली आणि त्याच हडसनवर त्यांनी १५५ जण सुखरूप उतरवले. तुमच्या कॅमेऱ्याने आधी त्यांचं लायसन्स काढलं असतं.

सरळवाट
एका वाक्याला गप्पा म्हणत नाहीत. शब्दच्छल करू नका.

शंकेखोर
हा फरक मला कळतो, तुम्हालाही कळतो. कॅमेऱ्यामागच्या बाबूला कळेल का, एवढंच विचारतोय.

ओटी_सिस्टर
मला विमानातलं कळत नाही, पण 'कमी बोला' म्हटलं की अंगावर काटा येतो. सव्वीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये होते. एकदा पोट बंद करायच्या वेळी एक मॉप, म्हणजे रक्त टिपायचं कापड, कमी भरला. सांगितलं. सर्जन म्हणाले, "नीट मोजा." परत मोजले, एक कमीच. परत सांगितलं, पण आवाज आपोआप खाली गेला होता. "बादलीत असेल, बघा," आणि टाके सुरू. तिसऱ्यांदा मी बोललेच नाही. भूलतज्ज्ञ नुसते म्हणाले, "थांबा हो जरा." सर्जन लगेच थांबले. मॉप आतच निघाला.

आकडा माझा बरोबर होता. थांबले ते मात्र त्यांच्या शब्दावर.

मंगळूरच्या अपघाताबद्दल वाचलं तेव्हा तो कोपायलट म्हणजे मीच वाटले.

सरळवाट
ताई, अनुभव वाचून वाईट वाटलं, पण मंगळूर तर माझ्याच बाजूचं! २२ मे २०१०. दोन तास पाच मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये पहिली एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपलेले, घोरणं ऐकू येतंय. उठले, विमान फार उंच राहिलेलं, तसंच रेटलं. १५८ गेले, ८ वाचले. ही बेशिस्त नाही तर काय आहे?

उजवी_सीट
आहे. कबूल. पण गप्पा कुठे आहेत त्यात? त्या कॉकपिटमध्ये तर स्मशानशांतता होती, तुम्हाला हवी तशी! आणि अखेरीस कोपायलट तीनदा गो-अराउंड, म्हणजे उतरू नका, परत वर चला, म्हणाला. माणूस बोलला, बरोबर बोलला, ऐकलं गेलं नाही.

इंजिनरूम
बोलून काय उपयोग? कंट्रोल का नाही घेतला? शेवटी जीव त्याचाही होताच की.

तीस वर्षं जहाजावर काढली, चीफ इंजिनियर म्हणून उतरलो. हुकूम एकाचा असतो. हे तुमचं सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट) का काय, 'सगळ्यांनी मत मांडा', ही ग्रामपंचायत आहे. हल्लीच्या पोरांना आधी मत सुचतं, मग काम. आमच्याकडे एक ज्युनियर प्रत्येक व्हॉल्व्हवर प्रश्न विचारायचा. शेवटी त्याला वही दिली, म्हटलं, प्रश्न लिहून ठेव, बंदरात गेल्यावर बघू.

शंकेखोर
काका, त्या वहीत एखादा प्रश्न बरोबर होता का हो?

इंजिनरूम
एक होता. विषय तो नाही.

उजवी_सीट
विषय तोच आहे! २८ डिसेंबर १९७८, पोर्टलंड, युनायटेड १७३. चाकांचा काहीतरी बिघाड, कॅप्टन त्यातच अडकलेले, विमान जवळपास तासभर घिरट्या घालतंय. फ्लाइट इंजिनियर इंधनाचं सुचवत राहिला, पण अदबीने, आडून आडून. टाकी रिकामी झाली, १० मेले. तुम्ही ज्याला ग्रामपंचायत म्हणता ते सीआरएम अशा अपघातांनंतर आलं. त्याच्या आदल्या वर्षी टेनेरिफ, धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर. केएलएमच्या फ्लाइट इंजिनियरने विचारलं होतं की पॅनॅमचं विमान धावपट्टीवरून हटलं नाही का. कॅप्टनने ठासून सांगितलं, हटलंय. ५८३ मेले.

आणि 'कंट्रोल का नाही घेतला' हे खुर्चीत बसून विचारणं फार सोपं आहे, काका. माझी गोष्ट सांगतो. नवा होतो. विमान वेगात, उंच, अप्रोच स्थिर नाही. मी 'अनस्टेबल' म्हटलं. कॅप्टनने ऐकलं की नाही कळलं नाही. उतरलो, लांब उतरलो, थांबलो. खाली आल्यावर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फार घाबरतोस रे तू." आणि मी हसलो! त्यांना बरं वाटावं म्हणून हसलो. त्या दिवशी पाऊस असता तर मीही रेकॉर्डिंगमधला एक आवाज झालो असतो, आणि तुम्ही विचारलं असतं, कंट्रोल का नाही घेतला.

इंजिनरूम
आवाज चढवू नका. मी तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे.

शंकेखोर
घ्या! म्हणजे कॉकपिट इथेच भरलं.

ओटी_सिस्टर
😀 काका, रागावू नका, पण हे अगदी आमच्या सरांसारखं झालं.

विंडोसीट२२ए
अवांतराबद्दल क्षमस्व, पण प्रवाशांच्या शिस्तीवर कधी बोलणार? विमान थांबायच्या आत उठून बॅगा ओढणारे लोक! त्यांच्यावर कॅमेरे लावा.

सरळवाट
अवांतरच आहे.

मूळ मुद्द्यावर या. तुम्ही सगळे मिळून बेशिस्तीला 'वरिष्ठांचा दरारा' असं गोंडस नाव देताय. २३ मार्च १९९४, एरोफ्लोट ५९३. कॅप्टनने पोटच्या पोराला, पंधरा वर्षांच्या, आपल्या सीटवर बसवलं. पोराने कंट्रोल दाबून धरला, ऑटोपायलटचा एक भाग सुटला, कुणाला कळलं नाही. ७५ मेले. इथे कुणाचा दरारा? निव्वळ बेजबाबदारपणा!

शंकेखोर
बेजबाबदारपणा शंभर टक्के. पण कुणाला कळलं नाही, कारण ऑटोपायलटचा तो भाग सुटल्यावर फक्त एक दिवा लागायचा, आवाज नाही. आणि त्या पोराला उठवा असं वेळेत कुणी ठणकावलं? दरारा नसेल, भीड असेल.

उजवी_सीट
एरोफ्लोटवर माझा वाद नाही. तिथे तुम्ही बरोबर. पण उलट टोक बघा. २८ जुलै २०१०, एअरब्लू २०२, इस्लामाबाद. कॅप्टन उड्डाणानंतर बराच वेळ कोपायलटची परीक्षा घेत होते, पाणउतारा करत होते. सगळं बोलणं विमानाबद्दल, म्हणजे तुमच्या नियमात चोख बसणारं. पुढे कॅप्टन चुकत गेले तेव्हा कोपायलट त्यांना अडवू शकला नाही. १५२ मेले. कॅमेऱ्याला यात काय सापडलं असतं? एक साहेब आणि एक शहाणा मुलगा.

सरळवाट
एअरब्लूचं हे मला माहीत नव्हतं. ठीक आहे. 'एक शब्द आणि लायसन्स रद्द' हे जरा जास्त झालं, खूश? कॅमेऱ्यांवर मी ठाम आहे. आणि शार्लटचे ७२ तुम्ही अजून मान्य केलेले नाहीत, नुसते डॅलसवर घसरलात.

उजवी_सीट
७२ मान्य. गप्पांमुळे, मान्य. आता मंगळूरचे कुठे धरता ते सांगा, झोपेत की न ऐकलेल्या तीन हाकांत?

सरळवाट
दोन्हीत. पण झोप आधी.

इंजिनरूम
तो वहीवाला ज्युनियर आता स्वतः चीफ आहे. काल फोन करून विचारलं, वही ठेवलीयस का. म्हणाला, पहिल्याच बंदरात समुद्रात टाकली सर.