ओईसीडीत शिरायची एवढी घाई कशाला?

परखड:
ब्राझील, पेरू, इंडोनेशिया, थायलंड, सगळ्यांना पॅरिसच्या ओईसीडीचं, म्हणजे आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेचं, मेंबर व्हायचंय. मला हे अजिबात पटत नाही. १९६१ साली श्रीमंत देशांनी काढलेली संघटना, नियम त्यांचे, आणि आता यांनी आपले कायदे बदलून तिच्या वीसहून जास्त कमिट्यांपुढे तपासणीला उभं राहायचं. मेक्सिको मे १९९४ मध्ये आत गेला, डिसेंबरात त्याचं चलन पेसो कोसळलं. कोरिया डिसेंबर १९९६ मध्ये मेंबर झाला आणि वर्षभरात आयएमएफकडे (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे) हात पसरायची वेळ आली. मेंबर व्हायचं म्हणून परक्या भांडवलाला रान मोकळं केलं की हे होणारच.

आकडेमोड:
नाही हो, तारखा जवळजवळ आल्या म्हणून कारण तेच होत नाही. मेक्सिकोनं पेसोचा दर धरून ठेवला होता आणि वर डॉलरशी जोडलेले अल्पमुदतीचे रोखे विकले, तिथे मार खाल्ला. कोरियानं अल्पमुदतीचं परदेशी कर्ज आधी खुलं केलं, दीर्घमुदतीचं अडवून ठेवलं, हा क्रम त्यांच्याच सरकारचा. आणि चिलीचं काय? २०१० ला मेंबर झाला, त्याआधी लाचखोरीसाठी थेट कंपनीवर फौजदारी खटला भरता येईल असा कायदा केला, कोडेल्को या सरकारी तांबं कंपनीच्या बोर्डावरून मंत्री हटवले. एवढं एरवी झालं असतं?

परखड:
कायदा चांगला असेल तर मेंबरशिपशिवाय करा की! ब्राझीलनं २०१९ मध्ये अमेरिकेचा पाठिंबा मिळावा म्हणून डब्ल्यूटीओतल्या (जागतिक व्यापार संघटनेतल्या) विकसनशील देशांच्या खास सवलती पुढच्या वाटाघाटींत सोडायचं कबूल केलं, आणि मेंबरशिपची बोलणी सुरू व्हायला २०२२ उजाडलं. सगळ्या मेंबरांची संमती लागते, म्हणजे एकजण अडला की सगळं अडलं. ही किंमत मोजणार कोण, तिथला शेतकरी आणि कारखानदारच ना.

आकडेमोड:
ब्राझीलनं सौदा महागात केला, मान्य. पण बाहेरचा धाक नसला की सरकार बदललं की सुधारणा गुंडाळतात, हे लॅटिन अमेरिकेत किती वेळा झालंय. कोलंबियाला मेंबर व्हायला २०१३ ते २०२० अशी सात वर्षं लागली, पण त्या काळात कामगार संघटनांच्या नेत्यांच्या सुरक्षेबद्दल सरकारला उत्तरं द्यावी लागली, हे मला खूप मोलाचं वाटतं.

तिसरीबाजू:
इंडोनेशिया बघा. जानेवारी २०२५ ला ब्रिक्समध्ये, म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन वगैरेंच्या गटात गेला, ओईसीडीची बोलणीही चालूच. भारत तर २००७ पासून ओईसीडीचा नुसता प्रमुख भागीदार आहे, कमिट्यांत बसतो पण अर्ज केलेला नाही. असं अर्धं आत राहूनही काम भागतंय की.

परखड:
अगदी हेच म्हणतोय मी.

आकडेमोड:
भागतंय, पण नियम ठरताना मत मात्र मेंबरचंच धरतात. मोठ्या देशाला ते चालेल, पेरूएवढ्या देशाला नाही.