इमारतीतील आपत्कालीन रेडिओ यंत्रणा बसवण्याचे प्रशिक्षण: गोव्यात राहून सुरुवात कोठून करावी?

फोंड्याचा वायरमन:
नमस्कार. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड पूर्ण करून गेली सात वर्षे मी फायर अलार्म आणि सीसीटीव्ही जोडणीचे काम करीत आहे. गेल्या वर्षी एका हॉटेलातील अग्निशमन सरावाच्या वेळी मी हजर होतो. दुमजली तळघराच्या टोकाला असलेल्या पंपरूममध्ये उतरलेल्या माणसाची वॉकीटॉकी तेथे पोहोचताच मुकी झाली आणि पंप सुरू झाल्याचा निरोप देण्यासाठी त्याला धावत जिना चढून वर यावे लागले. सरावच होता म्हणून सर्वजण हसले, मला मात्र हसू आले नाही.

त्यानंतर वाचन केल्यावर कळले की अमेरिकेत व अन्यत्र अशा इमारतींत अग्निशमन दलाच्या रेडिओसाठी स्वतंत्र ॲम्प्लिफायर आणि अँटेनांचे जाळे बसवतात, आणि ते बसवणाऱ्याला प्रशिक्षण सक्तीचे असते. दुबईतील माझा मावसभाऊही म्हणतो की तेथे कागद पाहिल्याशिवाय कामावर उभे करीत नाहीत. एक संस्था दोन दिवसांच्या ऑनलाइन वर्गात ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ देण्याचे आश्वासन देत आहे. ते घ्यावे का, प्रत्यक्षात काय शिकावे लागते आणि येथे गोव्यात त्याचा उपयोग किती, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना केबलवाला:
प्रमाणपत्राचा प्रश्न लहान आहे, म्हणून तो आधी संपवतो. अमेरिकेतील इंटरनॅशनल फायर कोडच्या कलम 510 नुसार यंत्रणेचा आराखडा करणाऱ्याकडे आणि जोडणीच्या प्रमुखाकडे दोन कागद लागतात. एक म्हणजे तेथील दूरसंचार आयोगाचा, म्हणजे एफसीसीचा, जनरल रेडिओटेलिफोन ऑपरेटर परवाना. आणि दुसरा, मान्यताप्राप्त संस्थेचे किंवा जे उपकरण बसवायचे त्याच्या उत्पादकाचे प्रशिक्षण प्रमाणपत्र. परवान्यासाठी दोन लेखी परीक्षा असतात: पहिलीत 24 प्रश्नांपैकी 18 आणि दुसरीत 100 पैकी 75 बरोबर यावे लागतात. परंतु तो परवाना अमेरिकेत नोकरी करण्यास कायद्याने पात्र असलेल्यालाच मिळतो, तेव्हा फोंड्यात बसून दोन दिवसांत तो कोणीही मिळवून देऊ शकत नाही. नाइसेट या अमेरिकन संस्थेचेही याच कामासाठी वेगळे प्रमाणपत्र आहे. तेही तिकडच्याच नियमांना धरून आहे.

दुबईचे गणित निराळे आहे, कारण तेथील सुरक्षा दलांचे जाळे टेट्रा या डिजिटल रेडिओ पद्धतीचे आहे, तर अमेरिकेत हे काम बहुतांशी 700 आणि 800 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालते. मावसभावाला नेमके विचारावे की त्याच्या कामावर कोणत्या उत्पादकाची यंत्रणा बसते, आणि त्याच उत्पादकाचे प्रशिक्षण घ्यावे. मोबाइलच्या इनडोअर कामात आमच्याकडे आयबवेव्ह या आराखड्याच्या सॉफ्टवेअरचे तीन पातळ्यांचे प्रमाणपत्र मानतात. पहिल्या पातळीपुरते तरी ते घेण्यासारखे आहे. दोन दिवसांच्या वर्गाचे पैसे मात्र वाचवावेत आणि त्यांत चांगला टॉर्क रेंच घ्यावा.

तारवटी:
वरच्या उत्तरात एक भर घालतो, कारण आमच्या गोव्यात जहाजावरून परतलेले पुष्कळजण याच गैरसमजात असतात. माझ्याकडे जहाजावरील जीएमडीएसएस रेडिओचे प्रमाणपत्र आहे आणि मीही समजत होतो की ते दाखवले की इमारतीतील काम मिळेल. तसे होत नाही. ते प्रमाणपत्र समुद्रावरील संकटसंदेश चालवण्याचे आहे; भिंतीआडच्या रेडिओचे मोजमाप त्यात शिकवीत नाहीत. हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्याचेही तेच. मात्र हॅमच्या अभ्यासाने अँटेना, फीडर (अँटेनाची केबल) आणि स्टँडिंग वेव्ह (जोडणीतून परत फिरणारा सिग्नल) यांची भीती जाते, आणि तो अभ्यास घरी बसून होतो, म्हणून मी तो जरूर सुचवीन.

सुरक्षा अधिकारी, वास्को:
आपल्या तिसऱ्या प्रश्नासंबंधी लिहितो, कारण येथे चूक झाली तर ती केवळ तांत्रिक राहत नाही. ऑनलाइन बाजारातून बूस्टर मागवून तळघरात लावणे भारतात बेकायदेशीर आहे. मोबाइलचा सिग्नल बूस्टर परवानाधारक दूरसंचार कंपनीशिवाय इतर कोणी बाळगणे, विकणे किंवा वापरणे चालत नाही, असे दूरसंचार विभागाने 2022 साली जाहीरपणे बजावले आहे. वॉकीटॉकीचे खासगी जाळे आणि त्याचा रिपीटर (सिग्नल उचलून पुन्हा सोडणारे यंत्र) यांसाठीही त्याच विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची परवानगी लागते. अग्निशमन दलाच्या वाहिनीला तर त्यांच्या लेखी संमतीशिवाय हातच लावू नये. ज्याची वाहिनी आहे त्याची संमती हा नियम अमेरिकेतही आहे, त्यामुळे तो शिकणे वाया जात नाही. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 मध्ये 15 मीटर व त्याहून उंच इमारत बहुमजली धरली आहे; अशा प्रकल्पात सांतिनेज येथील अग्निशमन संचालनालयाशी बोलणी आराखड्याच्या टप्प्यावरच व्हावीत, भिंती उभ्या राहिल्यावर नव्हे.

प्रशिक्षण म्हणजे केवळ बसवणाऱ्याचे प्रशिक्षण, असे मात्र समजू नये. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये 1993 च्या स्फोटानंतर अग्निशमन दलासाठी रिपीटर बसवला होता. 11 सप्टेंबर 2001 च्या सकाळी त्याचे एक बटण दाबले गेले, पण लॉबीतील मुख्य हँडसेट चालू करणारे दुसरे बटण दाबले गेले नाही. अधिकाऱ्यांनी चाचणी घेतली, आवाज आला नाही, आणि यंत्रणा बंद आहे असे समजून उत्तर मनोऱ्यात ती वापरलीच नाही. चौकशी आयोगाच्या अहवालात हे सविस्तर आले आहे. तेव्हा काम सोपवताना पहारेकऱ्यापासून व्यवस्थापकापर्यंत प्रत्येकाच्या हातून ती यंत्रणा एकदा तरी चालवून घ्यावी.

फोंड्याचा वायरमन:
सर्वांचे आभार. दोन दिवसांच्या वर्गाचा विचार सोडला आहे. जुन्या केबलवाल्यांनी शिकण्याविषयी थोडे अधिक लिहावे, कारण केबल ओढणे आणि कनेक्टर लावणे मला येते. डेसिबल आला की मी अडतो.

जुना केबलवाला:
डेसिबल ही केवळ बेरीज-वजाबाकी आहे. समजा, गच्चीवरील डोनर अँटेनाच्या, म्हणजे बाहेरचा सिग्नल पकडणाऱ्या अँटेनाच्या, जागी तो सिग्नल उणे 65 डीबीएम (एक मिलीवॉटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) आहे. अँटेनाने 10 मिळवले, केबलने 3 खाल्ले, ॲम्प्लिफायरने 70 वाढवले. म्हणजे बाहेर अधिक 12 निघाले. पुढे चार वाटांच्या स्प्लिटरने 6 आणि केबलने 4 घेतले, आतील अँटेनाने 2 दिले, म्हणजे अँटेनातून अधिक 4 बाहेर पडले. 800 मेगाहर्ट्झवर मोकळ्या जागेत 30 मीटरला सुमारे 60 डेसिबल जातात, तेव्हा त्या टोकाला उणे 56 उरले. किमान उणे 95 हवे असे धरले, तर भिंती, स्लॅब आणि माणसे यांच्यासाठी 39 डेसिबल शिल्लक आहेत. एवढे कागदावर करता आले की मग जांभ्याच्या जाड भिंतीत किंवा काँक्रीटच्या पंपरूममध्ये हे 39 कसे संपतात ते मीटर घेऊन पाहावे.

माझ्या मते मुलांना सर्वांत कमी शिकवली जाते ती आयसोलेशनची, म्हणजे आतील आणि गच्चीवरील अँटेना एकमेकींपासून किती तुटलेल्या आहेत याची, गोष्ट. जत्रेतल्या नाटकाला माइक कर्ण्यासमोर आला की शिट्टी वाजते, तेच येथे होते: आतील अँटेनांचा सिग्नल गच्चीवरील अँटेनाने पुन्हा उचलला की ॲम्प्लिफायर स्वतःशीच बोलू लागतो. नाटकात प्रेक्षक कान झाकतात. येथे मात्र बाहेरच्या तळाचा रिसीव्हर बधिर होतो आणि शेजारच्या गावातील बंबाचेही बोलणे ऐकू येईनासे होते. म्हणून दोन्ही बाजूंच्या अँटेनांमधील आयसोलेशन ॲम्प्लिफायरच्या वाढीपेक्षा 20 डेसिबल जास्त ठेवतात. वरच्या उदाहरणात ते 90 झाले, आणि ते अंदाजाने नव्हे, एका बाजूने सिग्नल सोडून दुसऱ्या बाजूला मोजून सिद्ध करायचे असते.

बाकीचे आपल्याला फायर अलार्ममुळे निम्मे येतच असेल. बॅटरीचा हिशेब तोच: 24 व्होल्टवर 5 अँपिअर घेणारी यंत्रणा 12 तास चालवायची तर 60 अँपिअर-तास, त्यावर 20 टक्के धरून 72, म्हणजे बाजारात मिळणारी पुढची मोठी बॅटरी. शेवटी प्रत्येक मजल्याचे 20 समान भाग पाडून प्रत्येक भागात रेडिओवर दोन्ही दिशांनी बोलून नोंद करतात. पंपरूम, जिने आणि कमांड सेंटर यांसाठी एनएफपीए या अमेरिकन अग्निसुरक्षा संस्थेच्या मानकात 99 टक्के भागात सिग्नल पोहोचण्याची अट आहे. माझी सूचना अशी की त्याच हॉटेलवाल्यांची परवानगी घेऊन तळघराचा असा नकाशा त्यांच्याच वॉकीटॉकीवर, काहीही न बसवता, एकदा करून पाहावा.

फोंड्याचा वायरमन:
परवानगी मागून पाहतो. एकच शेवटचा प्रश्न: किनाऱ्यालगतच्या गच्चीवर डोनर अँटेनाची जोडणी आपल्या पावसात टिकते का?

जुना केबलवाला:
टिकते, पण कनेक्टरला रबरी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप आणि त्यावर साधी टेप, अशी खालून वर गुंडाळावी, म्हणजे थरांचे तोंड पाण्याच्या ओघाखाली येत नाही. आत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्यावा, क्लॅम्प स्टेनलेसचेच घ्यावेत आणि तडिताघात निरोधक अर्थिंगला जोडावा. स्वीप टेस्टमध्ये (वापराच्या सगळ्या पट्ट्यावर केबल-अँटेना तपासण्यात) व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे स्टँडिंग वेव्हचे मोजमाप, 1.5 च्या आत आला की तो आलेख मे महिन्यात जपून ठेवावा. ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर पुन्हा स्वीप घ्यावा आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहावेत. पाणी शिरले असेल तर कितव्या मीटरवर, तेही मोजणीच्या उपकरणाच्या अंतरदर्शक मोडवर दिसते.