अनुभव धागा: पालिकेतला भेदभाव कागदावर कसा पकडायचा

कोठीवरची
एका नगरपरिषदेच्या सफाई ठेक्याची निविदा वाचली आणि जुन्या निविदा आठवल्या. सगळीकडे तेच. गमबूट: एकच माप, 9 नंबर. मस्टरवर (हजेरीपटावर) मात्र निम्म्याहून जास्त बाया. 5 नंबरचा पाय 9 नंबरच्या बुटात घसरतो, मग बाई चपलेवर झाडते आणि मुकादम शेरा मारतो 'साधने देऊनही वापरत नाही'. तोच शेरा पुढे अपघाताच्या वेळी तिच्याविरुद्ध दाखवला जातो.
निविदा निघायच्या आधी प्रत्येकीच्या पायाचं माप घेऊन यादी आरोग्य निरीक्षकाच्या नावे आवक करा (कार्यालयात नोंदवून द्या). 'मापनिहाय पुरवठा' हे शब्द निविदेतच यायला हवेत. कार्यादेश निघाला की ठेकेदार बदलून देत नाही.
तुमच्याकडे काय चालतं, कशाने सुटतं ते लिहा. कुणाची नावं नकोत.

मस्टरदादा
कायम कामगारांचं मस्टर वेगळं, ठेक्याचं वेगळं, रस्ता तोच. समान काम सिद्ध करायला बिट (झाडायला नेमून दिलेला भाग), वेळ आणि मुकादमाची सही दोन्हींत जुळलेली दाखवावी लागते. माहिती अधिकारात 10 रुपये भरून एकाच बिटाच्या, एकाच महिन्याच्या दोन्ही मस्टरच्या प्रती मागा. 'सर्व मस्टर' मागाल तर माहिती विस्तृत आहे म्हणून टाळतात. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर लगेच पहिलं अपील.
समान कामाला समान वेतन हे तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा जगजित सिंग निकाल आहे. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने 2,700 कंत्राटी कामगारांची लढाई 2017 मध्ये तिथेच जिंकली. त्यानंतरही नावातल्या फरकापायी कितीतरी जणांचं अडलं. म्हणून नाव आधी दुरुस्त करा.

सुनीता_क
नावाचं शंभर टक्के! मस्टरवर मंगलबाई, आधारवर मंगल, पीएफला माहेरचं आडनाव. त्यात नवा ठेकेदार नवा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) उघडतो. जुना नंबर लेखी देऊन पोच घ्यायची, नाहीतर मधली वर्षं सापडत नाहीत. कुकर लावलाय, बाकी नंतर लिहिते.

गौरी
पोच म्हणजे नुसता शिक्का चालतो का?

मस्टरदादा
@गौरी ताई, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही हवेत. क्रमांक नसेल तर 'असा अर्ज आलाच नाही' म्हणायला मोकळे. घेतच नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

उतार_1_12
मी दिव्यांगांच्या बाजूने लिहितो. कार्यालयाला रॅम्प 'आहे' असं उत्तर येतं, तेव्हा टेप घेऊन जा. प्रमाण 1:12, म्हणजे उंचीच्या 12 पट लांबी. 15 सेंमीच्या 3 पायऱ्या म्हणजे उंची 45 सेंमी, रॅम्प किमान 5.4 मीटर लांब हवा. बहुतेक ठिकाणी 2 मीटरमध्ये उरकलेला असतो, त्यावरून चाकाची खुर्ची एकट्याने चढत नाही आणि उतरताना पुढे कलंडते. माप लिहून, फोटो जोडून अर्ज द्या. 'गैरसोय होते' एवढंच लिहिलेला अर्ज फाईलला लागतो आणि तिथेच राहतो.
दुसरं, पालिकेच्या स्वउत्पन्नातला 5 टक्के दिव्यांग निधी. मार्च जवळ आला की घाईघाईने काहीतरी वाटून संपवतात. अर्थसंकल्पातली तरतूद, प्रत्यक्ष खर्च आणि लाभार्थी संख्या असे 3 आकडे मागा. तरतूद आणि खर्च यांतला फरकच पुढच्या अर्जाचा मजकूर होतो.

नानाकाका
आमच्या वॉर्डात रॅम्पवर दुचाक्या लावतात हो.

उतार_1_12
@नानाकाका वर-खाली दोन्हीकडे दीड मीटर जागा मोकळी लागते. ती पिवळ्या पट्ट्याने आखून घ्या आणि तिथे गाडी लावायला मनाई करणारा कार्यालयीन आदेश काढायला लावा.

विधी_सल्ला
कायम कामगाराला कामावर अपंगत्व आलं की 'घरी बसा' म्हणतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20(4) बघा: नोकरीवरून काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद, तेही नसेल तर अधिसंख्य (मंजूर पदांपेक्षा जादा) पद. राजीनाम्यावर सही करू नका, कुणी कितीही गोड बोललं तरी. एकदा सही झाली की ती 'स्वखुशी' ठरते.
लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, त्या अर्जात शिक्षण लिहायचं राहतं आणि पदवीधर पोराच्या हातीही झाडूच येतो. पदवीची प्रत पहिल्याच अर्जाला जोडा, कोणतं पद हवं तेही लिहा. पिढ्यानपिढ्या एकाच जातीच्या माणसांनी गटार उपसायचं, हे थांबलंच पाहिजे.

सुनीता_क
आले परत. लैंगिक छळाच्या तक्रारीचं कुणी लिहिलं नाही. ठेक्यावरच्या बाईलाही पालिकेच्या अंतर्गत समितीकडे जाता येतं, 'तू आमची नाहीस' हे उत्तर चुकीचं आहे. मुदत 3 महिने, कारण दिलं तर समिती आणखी 3 महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घेण्याची जबाबदारी समितीची. समितीची नावं कोठीवर (हजेरी लागते तिथे) लावलेली नसतील तर आधी तोच अर्ज टाका.

मेनहोल_बंद
सुरक्षा साधनं न देता गटारात माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने बंद आहे, तरी तोंडी हुकूम सुटतात. 'लेखी द्या' म्हणा, कुणी देत नाही. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नका, हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकच बधिर होतं. आणि आत पडलेल्याला काढायला दुसऱ्याने उडी मारायची नाही, अशाच दुर्घटनांत एकामागोमाग तिघे-चौघे जातात. मशीन मागवायला 14420 वर फोन करा. मृत्यू झाला तर भरपाई 30 लाख, सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालाप्रमाणे. 10 लाखांवर बोळवण करत असतील तर तो जुना आकडा आहे.

गौरी
वाचून पोटात कालवलं. @उतार_1_12 दादा, आमच्या शेजारच्या मुलाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) अडकलंय, कुठे विचारायचं?

उतार_1_12
स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून स्थिती बघा. तपासणी बाकी दाखवत असेल तर जिल्हा रुग्णालयात अपंगत्व तपासणीचा वार विचारून घ्या. मूळ आधार, फोटो आणि जुने रिपोर्ट बरोबर न्या.